दहा मिनिटांचा गुडघा

मामू दाराकडे पाठ करून बसायचे. एमआरआयच्या खोलीबाहेर एक लांब बोळ होता. त्या बोळातून पेशंट चालत येऊ लागला की मामू डोळे मिटून ऐकायचे. चपलेचा आवाज, काठीचा ठोका, मध्येच घेतलेला थांबा. पेशंट दारात पोचायच्या आत ते काउंटरवरच्या ताईंना सांगायचे, "डावा. जिना उतरताना दुखतो, चढताना न्हाई." ताई कागद बघायच्या. बहुतेक वेळा डावाच असायचा. चुकले तर मामू त्या दिवशीचा चहा पाजायचे, आणि पाजता पाजता पेशंटच्या चपलेत दोष काढायचे.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. ही त्यांचीच अट. तुमचंही लिहू नका म्हणाले. जालन्यात ज्याला कळायचं त्याला कळेल, बाकीच्यांना नाव घेऊन काय करायचंय, असं त्यांचं म्हणणं. तर ते मामू, राहायला मस्तगडला, एमआरआयचे टेक्निशियन. आणि मी त्याच सेंटरचा रेडिओलॉजिस्ट. म्हणजे फोटो ते काढायचे आणि त्यात काय दिसतं ते लिहून सही मी करायचो. काही वर्षं आम्ही एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे बसलो. नंतर त्यांच्याबद्दल जालन्यातल्या डॉक्टरांत एक गोष्ट पसरली, की हा माणूस घाई करतो, याचे फोटो अपुरे असतात. ती गोष्ट खोटी आहे, आणि ती मी पसरवली. आता पंचाहत्तरी आली. राहिलेल्या कामांत हे सगळ्यात वरचं होतं.

पण आधी मामू कसे होते ते सांगितलं पाहिजे, आणि ते सांगताना मला हसू आवरत नाही.

एमआरआयचं चुंबक कधीच बंद होत नाही. रात्रंदिवस चालू. आत लोखंडाची वस्तू गेली की ती उडून मशीनला चिकटते. हे लोकांना सांगून पटत नाही. परतूरकडचे एक आजोबा चंचीत अडकित्ता घेऊन आत गेले. विचारलं तेव्हा काही नाही म्हणाले होते. अडकित्ता चंची फाडून निघाला तो थेट मशीनच्या तोंडाशी. काढायला दोघं लागलो. आजोबा म्हणाले, बरं झालं, सुपारी सोडायची म्हणतच होतो. मामूंनी तो अडकित्ता त्यांच्याकडून मागून घेतला आणि दाराबाहेर सुतळीनं टांगला. प्रत्येक पेशंटला तो दाखवून म्हणायचे, "याला ज्यानं ओढलं ते आत बसलंय. अंगावर काय लोखंड हाय ते आत्ताच सांगा. बायकोपासून लपवलेलं असंल तरी सांगा." लोक किल्ल्या काढायचे, पिना काढायच्या. एका सरपंचांनी बंडीच्या आतल्या खिशातून दुसरा मोबाईल काढून दिला, आणि त्यांची बायको शेजारीच उभी होती. त्या दिवशीचा स्कॅन बराच उशिरा सुरू झाला.

गुडघा हलू नये म्हणून मशीनसोबत फोमचे तुकडे आले होते. मामूंना ते बिलकुल पसंत नव्हते. त्यांनी घरून उशा शिवून आणल्या, म्हणजे भाभींनी शिवल्या. जुन्या लुंगीचं कापड, आत सरकी काढलेला कापूस, चार मापांच्या. छोटी, मधली, बडी आणि सासू. सासू सगळ्यात टणक. ती गुडघ्याच्या बाजूला लावली की पेशंटला हलायची सोयच राहत नसे. "ताई, आज सासू कुठं गेली?" असं मामू मोठ्यानं विचारायचे, आणि बाकावर बसलेल्या बायका एकमेकींकडे बघायच्या.

पेशंटला झोपवण्यात ते इतका वेळ घालवायचे की मला चीड यायची. पाय किंचित बाहेर वळवायचा, गुडघा थोडासाच वाकवायचा, खाली उशी, बाजूला उशी, परत बघायचं, परत अर्धं बोट सरकवायचं. मी काचेतून खुणा करायचो की चला, चला. ते बाहेर येऊन शांतपणे सांगायचे, "मशीन जल्दी करत न्हाई, साहेब. माणूस बराबर झोपला की वेळ आपोआप वाचतो."

मग माइक घ्यायचे. आत मशीनचा ठणठणाट चालू असतो, माणूस घाबरतो, घाबरला की हलतो, हलला की फोटो पुसट येतो आणि परत काढावा लागतो. मामू त्याला गाव विचारायचे. गावातल्या घरापासून शेतापर्यंत मनातल्या मनात चालत जायला लावायचे. वाटेत कोण भेटतं, कोणाच्या ओट्यावर कोण बसलंय ते बघत जायचं, बोलायचं मात्र कोणाशी नाही. एकदा एक बाई बाहेर येऊन तक्रार करू लागल्या, की शेताच्या बांधावर पोचले अन् तुम्ही मशीन बंद केलं, शेतातलं काम बघायचं राहिलं. मामूंनी त्यांची माफी मागितली.

आता दहा मिनिटांचं.

तेव्हा एका गुडघ्याला चाळीस मिनिटं लागायची. सगळीकडे तशीच पद्धत होती. वेगवेगळ्या बाजूंनी, वेगवेगळ्या प्रकारे, आठ-नऊ संच फोटो काढायचे. मंठा, घनसावंगी, भोकरदन, कुठून कुठून लोक सकाळी येऊन बसायचे. संध्याकाळपर्यंत नंबर लागायचा नाही आणि शेवटची एसटी जायची. शिवाय दुखऱ्या पायानं चाळीस मिनिटं निश्चल पडणं सोपं नाही. वीस मिनिटांनंतर बहुतेक जण हलायचेच.

मामूंनी एक नाद सुरू केला. मी एखादा रिपोर्ट लिहून संपवला की दारात येऊन विचारायचे, साहेब, यातले कोणते फोटो बघितले? मी सांगायचो, हे चार. दुसऱ्या पेशंटला तेच. तिसऱ्याला तेच. महिना-दीड महिना त्यांनी मला असं छळलं. एक दिवस म्हणाले, "मंग बाकीचे आपण कोणासाठी काढून राह्यलो?"

मग आम्ही एक केलं. काही महिने फोटो सगळे काढायचे, पण मी आधी फक्त चार संच बघून मत लिहायचं आणि मग बाकीचे उघडायचे. मत बदलावं लागलं असे गुडघे मोजकेच निघाले, आणि तेही सगळे एकाच जागी अडलेले. गुडघ्याच्या मध्यात एक लिगामेंट असतं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना तिरकं बांधून ठेवतं. ते धड असलं की फोटोत ताणलेल्या काळ्या पट्ट्यासारखं दिसतं, तुटलं की पांढरट, विसविशीत. मामू म्हणाले, दोरी तिरकी हाय तर फोटोबी तिरकाच कापायला पायजे. ते पहिले फोटो बघून त्या लिगामेंटच्या रेषेतच पुढचा संच लावू लागले, आणि शंका आली तर त्याच तिरक्या रेषेत आणखी एक. मोजकेच संच, पण नेमके. दहा मिनिटांत गुडघा होऊ लागला. दुपारी तीनला बाक रिकामे व्हायचे. गावाकडची माणसं उजेडात घरी पोचायची. सेंटरचे मालक खूश, हाडांचे डॉक्टर खूश. मी एका सभेत या पद्धतीवर बोललो, टाळ्या घेतल्या. मामूंचं नाव घ्यायचं राहून गेलं. तेव्हाही राहूनच गेलं म्हणालो होतो.

मामूंची आणखी एक रीत होती, आणि सगळं तिच्यावरच आलं. फोटोत काय दिसतं ते त्यांना माझ्याइतकं कळायचं, कधी कधी माझ्या आधी. पण निदान करणं टेक्निशियनचं काम नाही आणि तो हक्क त्यांनी कधी सांगितला नाही. ते फक्त फिल्मच्या पाकिटाला एक चिठ्ठी लावायचे. तिच्यावर शब्द नसायचा. पेन्सिलीनं एक दोरी काढलेली असायची. ताठ, ढिली किंवा तुटलेली. मी एकदा हटकलं तर म्हणाले, रिपोर्ट लिहिणं माझं काम न्हाई साहेब, पण दोरी काढायला कोणाची मनाई? मी त्या चिठ्ठ्यांवर विसंबू लागलो होतो. ताठ दोरी असली की मी रिपोर्ट भराभर उरकायचो.

मग हाडांच्या एका डॉक्टरनं लग्नाच्या पंगतीत, चारचौघांत, मला विचारलं, काय हो, तुमचे रिपोर्ट तुमचा टेक्निशियन लिहितो म्हणे? सगळे हसले. मीही हसलो. पंगत मात्र अर्ध्यावर सोडून उठलो.

त्याच आठवड्यात अंबड तालुक्यातली एक मुलगी आली. पोलीस भरतीची तयारी करत होती. पळताना खड्ड्यात पाय पडून गुडघा मुरगळला होता. मैदानी चाचणीला तीन आठवडे उरले होते. वडील सोबत होते, मोसंबीची बाग असलेले, फार बोलके. मामूंनी स्कॅन केला, शंका आली म्हणून तिरका संचही जोडला आणि पाकीट माझ्याकडे पाठवलं. चिठ्ठीवर तुटलेली दोरी होती. दोन टोकं, मध्ये मोकळी जागा.

मी ती बघितली, चुरगळून टोपलीत टाकली. माझ्या संगणकात गुडघ्याचा एक तयार मसुदा असायचा, त्यात सगळं ठीक असं लिहिलेलं असे, आणि जे बिघडलंय तेवढं बदलायचं. मी वरवरचे दोन-तीन फोटो चाळले. तो तिरका संच उघडलाच नाही. मसुद्यातला एकही शब्द न बदलता सही केली. विसरलो नव्हतो. दमलोही नव्हतो. त्या दिवशी मला त्या चिठ्ठीचं ऐकायचं नव्हतं, इतकंच.

लिगामेंट ठीक आहे म्हटल्यावर मुलगी परत पळू लागली. चाचणीच्या दिवशी गुडघा निसटला, आतली गादीही फाटली. मोठ्या शहरात दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, तेव्हा कळलं की लिगामेंट आधीपासूनच तुटलेलं होतं. वडील रिपोर्ट घेऊन सेंटरवर आले. मालकांनी मला आणि मामूंना बोलावलं आणि विचारलं, हे कसं झालं?

मी म्हणालो, "फोटो कमी होते. स्कॅन घाईत झाला."

मामू माझ्याकडे बघत राहिले. मग वडिलांकडे वळून त्यांनी विचारलं, पोरीला आता कसं हाय? चिठ्ठीचं नावही काढलं नाही. दहा मिनिटांची पद्धत त्याच दिवशी बंद झाली. मामूंना एक्स-रेच्या खोलीत बसवलं. महिन्याभरात ते सोडून गेले. जाताना उशा घेऊन गेले. गावातले डॉक्टर पुढे कितीतरी दिवस घाईच्या कामाला "मामूचा गुडघा" म्हणायचे, आणि मी ते ऐकून घ्यायचो.

यंदा उन्हाळ्यात ऑटोतून उतरताना माझा स्वतःचा गुडघा मुरगळला. डॉक्टर तरुण होता, मला ओळखत नव्हता. अंबड रस्त्यावर एक लहान सेंटर आहे, तिथे गुडघ्याचे फोटो फार स्वच्छ येतात, म्हणाला. मी लंगडत तिथल्या बोळातून गेलो तर आतून आवाज आला, "उजवा. अन् हे आमचे साहेब हायेत."

मामू म्हातारे झाले होते. दाढी पांढरी, चष्मा जाड. पण तक्रारीचा सूर नाही, टोमणा नाही. घड्याळ काढा, पट्टा काढा, साहेब, तुम्हाला काय सांगायचं. गुडघ्याला उशा लावल्या. मी आत गेलो, मशीन सुरू झालं. आणि तिथे, त्या नळीत, छताकडे बघत पडल्यावर मला राहवलं नाही. मी बोलू लागलो. चिठ्ठी बघितली होती, टाकून दिली, खोटं बोललो, सगळं. ठणठणाटात माझा मलाच आवाज ऐकू येत नव्हता. मशीन मध्येच थांबलं. माइकवर मामू आले.

"साहेब, हलून राह्यले तुम्ही."

मी म्हणालो, मामू, मी माफी मागतोय.

"ते दिसलं. गुडघा हलतो त्यानं. गप पडा, हा संच परत घ्यावा लागतो."

गप पडलो. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की एक संच परत घ्यायला इतका वेळ लागत नाही. ते सगळे संच काढत होते, जुने, आठच्या आठ. बाहेर आल्यावर विचारलं, दहा मिनिटांचं काय झालं? ते उशांवरची धूळ झटकत होते. म्हणाले, ते तवाच सोडलं. लोक पडून राहतात चाळीस मिनिटं, काय करणार. मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "माझी माफी मागून काय होतंय साहेब? त्या पोरीचा तो फोटो बघायला पायजे. तुम्ही म्हणले फोटोत न्हाई. मला वाटलं होतं की हाय. आता मलाच सांगता येत न्हाई."

खोटं मी एकदाच बोललो होतो. माणूस इतकी वर्षं त्यावर विचार करत बसला होता, की कदाचित साहेबच बरोबर असतील.

फिल्म पेशंटच्या घरी असते. म्हणजे मुलीच्या गावी जाणं आलं. माझा गुडघा बांधलेला, म्हणून गाडी मामूंनी चालवली. ज्यांच्या नावावर जालन्यात घाई चिकटली ते मामू गाडी सायकलच्या वेगानं चालवतात. दोन बैलगाड्या पुढे गेल्या. चला, चला म्हणायचा हक्क मला उरला नव्हता.

मुलगी घरीच होती. भरती तर गेलीच, पण ती एसटीत कंडक्टर झाली आहे. ड्रायव्हरनं ब्रेक मारायच्या आधी मला गुडघा सांगतो, असं हसत सांगत होती. वडिलांनी मला ओळखलं, खुर्ची दिली. मामूंना ओळखल्यावर चेहरा बदलला. म्हणाले, हे ते घाईवाले न्हाईत का?

मी उभा राहिलो. बसून बोलणं बरोबर नव्हतं. म्हणालो, "घाई यांनी केली नाही. यांनी मला चिठ्ठी दिली होती की लिगामेंट तुटलंय. मी ती टाकून दिली, फोटो न बघता सही केली आणि तुमच्यासमोर यांच्यावर ढकललं."

मुलीनं विचारलं, "पण टाकली कशाला?"

लोक म्हणायचे की माझे रिपोर्ट टेक्निशियन लिहितो, मी म्हणालो. त्याचा राग होता.

"मंग रिपोर्ट त्यांनाच लिहू द्यायचा होता," ती म्हणाली आणि आत गेली.

मला वाटलं आता संपलं, उठावं. पण ती परत आली ती हातात खताची पिशवी घेऊन, तिच्यात फिल्म. एका फिल्मचा कोपरा चौकोनी कापलेला होता. वडील ओशाळून म्हणाले, ग्रहण बघायला शेजारच्या पोरांनी नेलता. मामूंचा चेहरा पडला. त्यांनी पुढे होऊन फिल्म घेतली नाही. हात मागे बांधून उभे राहिले. मी ती खिडकीला धरली आणि कापलेल्या कोपऱ्यापासून एकेक चौकट मागे मोजत आलो. तिरका संच शाबूत होता.

इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदाच बघत होतो. शोधावंही लागलं नाही. शिकाऊ डॉक्टरला दाखवायला ठेवावा इतका स्वच्छ फोटो. वरचं टोक, खालचं टोक आणि मध्ये काही नाही. मी मुलीला जवळ बोलावून बोट ठेवून दाखवलं, तिनं वडिलांना दाखवलं. वडिलांनी डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, हे तर मलाबी दिसून राह्यलं.

मग मामू आले. चष्मा काढला, लुंगीच्या टोकानं पुसला, लावला. बराच वेळ बघितलं.

"आलाय की बराबर," ते म्हणाले.

मी तिथेच, त्यांच्या ओट्यावर बसून, जुन्या रिपोर्टला पुरवणी लिहिली. मराठीत, वडिलांना वाचता यावी म्हणून. फोटो पुरेसे होते, लिगामेंट तुटलेलं स्पष्ट दिसत होतं, टेक्निशियननं वेळीच सांगितलं होतं, मी बघितलं नाही. खाली सही केली. मुलीनं ती वाचली, घडी केली आणि फिल्मसोबत पिशवीत ठेवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. निघताना वडिलांनी मामूंच्या हातात मोसंबीची पिशवी दिली. माझ्या हातात दिली नाही, आणि ते बरोबरच होतं. परतीच्या वाटेवर मामूंनी मला दोन सोलून दिली. त्यासाठी गाडी दोनदा बाजूला थांबवली.

पुरवणीची नक्कल मी जुन्या मालकांना पाठवली, आणि हाडांचे जे डॉक्टर अजून आहेत त्यांनाही. मालकांचा फोन आला, आता कशाला हे सगळं? मी म्हणालो, आताच. पंगतीतले ते डॉक्टर गेले. त्यांच्या मुलाला पाठवली.

पुढच्या सोमवारी दुपारी अंबड रस्त्यावरच्या सेंटरमधून फोन आला. तिथल्या काउंटरवरच्या मुलीनं माझा नंबर पेशंटच्या यादीतून काढला होता. जरा घाबरल्यासारखी बोलत होती. सर, तुम्ही मामूंना ओळखता ना, त्यांना काही सांगितलंत का? आज त्यांनी सकाळपासून गुडघे झपाझप उरकलेत. तीन वाजलेत आणि बाकावर कोणी नाही. गावाकडची सगळी माणसं गेली.

मी विचारलं, आणि मामू काय करतायत?

"बसलेत," ती म्हणाली. "चहा मागवलाय सगळ्यांना."